तांडेलांच्या परसातला धोत्रा

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत, पण म्हाताऱ्या तांडेलांचे ते प्रकरण अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर उभे राहते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात त्याची एक ओळही आली नाही. तरीही, साहेब, पोलीस खात्यात तुम्ही काय शिकलात, असे कुणी विचारले की मी हीच हकीकत सांगतो. यातली बहुतेक माणसे आता हयात नाहीत. त्यांच्या मुला-नातवंडांना त्रास नको म्हणून नावे आणि गाव मात्र सांगत नाही.

त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्हा झाला नव्हता. मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होते आणि गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. आमचे निम्मे शिपाई सदानकदा बांद्याच्या बाजूला बंदोबस्तावर गेलेले असत. मी मूळचा खारेपाटणचा, फौजदार होऊन फार काळ झाला नव्हता, आणि किनाऱ्यावरच्या एका लहान ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. रोजची कामे म्हणजे दारूबंदीच्या केसेस, माडाच्या हद्दीवरून मारामाऱ्या आणि जाळी कापल्याच्या तक्रारी. विषप्रयोगाचा गुन्हा मी तोपर्यंत फक्त पुस्तकात वाचला होता.

सकाळची हजेरी चालू असताना एक बाई ठाण्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. चालून चालून तिचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखले होते. रडत नव्हती. हवालदाराने थांबायला सांगितले तरी ती थेट माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "साहेब, माज्या बापाशीक वैनीन धोतरो घातल्यान."

तिला बसवले, पाणी दिले आणि सगळे नीट विचारून घेतले. तिचे वडील म्हणजे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असलेले तांडेल. मालाची गलबते घेऊन ते उमेदीच्या काळात मुंबईपासून मंगळूरपर्यंत फिरलेले. आता थकले होते, बायको वारली होती, एकुलता मुलगा मुंबईला गोदीत कामाला होता. घरात ते आणि सून, दोघेच. ही लेक जवळच्याच वाडीत दिलेली. आदल्या संध्याकाळी ती वडिलांना भेटायला गेली, तेव्हा ते अंथरुणात बसून हवेत हातवारे करत होते आणि लेकीला ओळखत नव्हते. ती घाबरून परसात गेली, तर तिथल्या धोत्र्याच्या झाडाची पाने ताजी तोडलेली दिसली. शेजारणीने सांगितले की पाने तोडताना तिने सुनेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. सासरा-सुनेचे पटत नाही हे वाडीत सगळ्यांना माहीत होते. थोड्याच दिवसांपूर्वी विहिरीवर सून चार बायकांसमोर म्हणाली होती, की एक दिवस ह्यांचा तरी जीव जाईल, नाहीतर माझा तरी.

लेक खोटे बोलत नव्हती. तिने जे पाहिले आणि ऐकले तेच सांगितले, आणि त्यावरून कुणीही जो अर्थ काढला असता तोच काढला. स्टेशन डायरीत नोंद करून मी हवालदाराला घेऊन निघालो.

वाटेत गावच्या पोलीस पाटलांना बरोबर घेतले. घरी पोहोचलो तेव्हा बाजारपेठेतले डॉक्टर तिथे आधीच होते. ते कोल्हापूरकडचे. पाच-सहा वर्षांपूर्वी येऊन त्यांनी स्वतःचा लहानसा दवाखाना काढला होता. आसपासच्या वाड्यांना तेवढाच एक आधार होता. त्यांना कुणी बोलावले म्हणून विचारले, तर कळले की सुनेनेच पहाटे माणूस पाठवला होता. ही गोष्ट मी मनात ठेवली.

तांडेलांची अवस्था वाईट होती. चेहरा लालबुंद, अंग तापलेले पण घामाचा थेंब नाही, ओठ सुकून तडकलेले, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. दोन्ही हातांनी ते हवेतून काहीतरी ओढत होते, एक हात पुढे, मग दुसरा, जसे दोर खेचतात तसे. मधूनच पुटपुटत, "शीड उतरा रे. वारो फिरलो." आम्ही कुणीच त्यांना दिसत नव्हतो. ते कुठल्यातरी जुन्या वादळात होते.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. हवेतले दोरे ओढणे, कोरडे तोंड, मोठ्या बाहुल्या, ही सगळी धोत्र्याच्या विषाची लक्षणे आहेत, याबद्दल त्यांना शंका नव्हती. लघवी पूर्ण तुंबली होती, ती त्यांनी नळी घालून काढली. पोट धुतले. पोटातून निघालेले पाणी मी पंचांसमक्ष बाटलीत भरून सीलबंद केले. चुलीवरची पेज, आमटीचे पातेले, ताट-वाट्या, असा सगळा मुद्देमाल जप्त केला. परसातल्या झाडाचा पंचनामा केला. देठ खरेच ताजे मोडलेले होते. शेजारणीचा जबाब घेतला, ती आपल्या बोलण्यावर ठाम होती.

मग सुनेला विचारले. ती तिशीतली, अंगाने किडकिडीत बाई. आम्ही हे सगळे करत असताना ती सासऱ्यांच्या उशाशी बसून ओल्या फडक्याने त्यांचे ओठ टिपत होती. मी विचारले, परसातली धोत्र्याची पाने कुणी तोडली? तिने मान वर न करता सांगितले, "मी पाना तोडूक नाय."

हे खोटे होते आणि ते खोटे आहे हे तिलाही कळत होते. शेजारीण दारातच उभी होती.

पोलिसाच्या दृष्टीने केस जवळजवळ पूर्ण होती. भांडण होते, विष होते, ते मिळवताना पाहणारी साक्षीदार होती आणि आता खोटा जबाबही होता. विष देऊन इजा करणे, भारतीय दंड विधान कलम ३२८. आणि म्हातारे दगावले असते तर खून. नमुने मुंबईला रासायनिक पृथक्करणासाठी जायचे होते. त्यांचा अहवाल धोत्रा असाच येणार, हे डॉक्टरांच्या बोलण्यावरून उघड होते. मालवणहून वरिष्ठांचाही निरोप आला, की अटक का केली नाही ते कळवावे.

मी अटक केली नव्हती. तिला पोलीस पाटलांच्या बायकोच्या नजरेखाली घरातच ठेवले होते. कारण दोन गोष्टी मला खुपत होत्या. एक तर तिने स्वतःहून डॉक्टर बोलावला होता. दुसरे म्हणजे भांडी. जेवणात विष घालणारा माणूस सगळ्यात आधी भांडी घासतो, हे मला प्रशिक्षणात एका म्हाताऱ्या जमादाराने सांगितले होते. या घरात सगळी भांडी खरकटी पडलेली होती. त्याच पातेल्यातली पेज तीही जेवली होती. या बाईने लपवण्यासारखे काहीच केले नव्हते, तिने फक्त एक वाक्य खोटे सांगितले होते. असे का, हे कळल्याशिवाय मला बेडी घालायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पाटलांच्या पडवीत बसवून चौकशी सुरू केली. पाटलांची बायको शेजारी तांदूळ निवडत बसली होती. पानांचा विषय मी काढलाच नाही. मी म्हटले, सासऱ्यांचा दिवस कसा जातो तेवढे सांग, उठल्यापासून निजेपर्यंत. ती सांगू लागली. पहाटे मामांना, म्हणजे सासऱ्यांना, खोकला लागतो, तेव्हा पाठ चोळायची. मग गरम पाणी, मग पेज. दुपारी मासळी असली तरच दोन घास जास्त जातात. पोटात कळा येतात म्हणून जेवणानंतर डॉक्टरांचे औषध. ते चिडतात, ताट सरकवतात, शिव्या घालतात, मग थोड्या वेळाने स्वतःच हाक मारतात. ती हे सगळे तक्रारीच्या सुरात सांगत होती, पण त्यातले बारकावे असे होते, की रोज मन लावून करणाऱ्यालाच ठाऊक असावेत.

"आणि सांजच्याक?" मी विचारले.

ती थांबली. पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली आणि पुढे एक अक्षर बोलेना. सकाळ, दुपार सगळी सांगितली आणि संध्याकाळ गिळून टाकली. मी जोर केला नाही. चौकशीत माणूस जिथे थांबतो तिथेच खणायचे असते, पण ते त्याच्या तोंडातून नव्हे, दुसरीकडून.

मी तिथून उठून तांडेलांच्या घरी गेलो. ते आता थोडे शांत झाले होते, पण शुद्धीवर नव्हते. लेक त्यांच्याजवळ होती. मी खोलीत नुसता बसून राहिलो. थोड्या वेळाने लक्षात आले की खाटेच्या वरच्या वाशांवर एकाच जागी काजळी धरली आहे. चूल पलीकडच्या खोलीत. मग इथे धूर कुठून येतो? खाटेखाली हात घातला तर एक नारळाची करवंटी निघाली, आतून जळून काळी झालेली. तळाशी राख आणि अर्धवट जळालेली पाने. पाने वाळलेली असली तरी ओळखू येत होती.

मी करवंटी पोलीस पाटलांना दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, हुंगली आणि म्हणाले, म्हातारो अजून धूर घेता तर. तांडेलांना कित्येक वर्षांचा दमा होता. धाप लागली की निखाऱ्यावर धोत्र्याची वाळलेली पाने टाकून तो धूर ओढायचा, छाती मोकळी होते, हे गलबतावरच्या जुन्या माणसांना सगळ्यांनाच माहीत होते. पाटलांच्या वडिलांनीही तेच केले होते.

एक गाठ सुटली होती. पण लगेच दुसरी दिसली. तांडेल हा धूर वर्षानुवर्षे घेत होते. इतकी वर्षे काही झाले नाही, मग आताच वेड लागल्यासारखे कसे झाले? सरकारी वकील हाच प्रश्न विचारणार होता, आणि सुनेने पाने धुरासाठी तोडली तशी पेजेतही घातली, असे म्हणायला तो मोकळा होता.

मी पुन्हा पडवीत आलो. करवंटी तिच्यासमोर ठेवली. ती पाहताच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण तोंड मिटलेलेच. मी म्हटले, "बाय, तू काय बोला नको. मी बोलतंय. चुकलो तर सांग, बरोबर आसला तर गप ऱ्हव." आणि मी सांगत गेलो. सासऱ्यांनी पाने आणायला सांगितली, तू तोडून वाळवलीस, ते रोज संध्याकाळी धूर घेत होते. ती गप्प राहिली. ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असे त्यांनीच तुला बजावले. ती गप्प राहिली. मग एकदम तिचा बांध फुटला.

"मामांनी आपल्या जिवाची शपथ घातली हा. डाक्टरांनी धूर बंद करूक सांगललो म्हणान. साहेब, मी आता सांगलंय आणि तेंका काय झाला, तर मी कोणाक तोंड दाखवू?"

तिच्या खोट्याचा उलगडा झाला. म्हातारा मरणाच्या दारात होता आणि तिने शपथ त्याच्याच जिवाची घेतली होती. तुरुंगात जायची तिची तयारी होती, पण आपण तोंड उघडले आणि तिकडे त्याचा श्वास थांबला तर, या भीतीने तिने दात घट्ट मिटले होते. पाटलांच्या बायकोने सूप बाजूला ठेवले आणि तिला जवळ घेतले.

आता ती मोकळेपणाने बोलू लागली. मी तिला एकच विचारले, की अलीकडे घरात नवीन काय झाले? खाण्यात, पिण्यात, औषधात? ती म्हणाली, नवीन म्हणजे पोटाचे औषध, तेवढेच. ते सुरू झाल्यापासून मामा तोंडाला कोरड पडते म्हणत होते आणि लघवीला फार वेळ लागायचा. तो त्रास थोडा आधीही होता, पण आता फारच वाढला. बडबड सुरू झाली त्या दिवशी पोटात जोराची कळ आली, तेव्हा त्यांनी स्वतःच मागून दोनदा जास्तीचे औषध घेतले आणि तिन्हीसांजेआधीच धाप लागली म्हणून नेहमीपेक्षा जास्त पाने टाकली. थोड्याच वेळात बडबड सुरू झाली.

औषधाची बाटली कोनाड्यात तशीच होती. मुद्देमालात ती घ्यावी असे कुणाच्याच मनात आले नव्हते. डॉक्टरांच्या बाटलीवर कोण संशय घेणार? मी करवंटी आणि बाटली घेऊन दवाखान्यात गेलो.

बाकावर तीन-चार रोगी बसले होते. मी डॉक्टरांसमोर दोन्ही वस्तू ठेवल्या आणि सुनेने सांगितलेले जसेच्या तसे सांगितले. संशय म्हणून नव्हे. मला कळत नव्हते म्हणून विचारायला गेलो होतो. त्यांनी आधी करवंटीतली राख पाहिली. मग बाटली उचलली आणि उजेडात धरली. मग बाहेर येऊन रोग्यांना म्हणाले, दुपारी या. परत आत आले आणि आपल्या खुर्चीवर न बसता रोग्यासाठी ठेवलेल्या स्टुलावर बसले.

"हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," ते म्हणाले. "यात बेलाडोना आहे. धोत्र्याच्याच कुळातली वनस्पती. पोटाची कळ याने थांबते, म्हणून मी रोज कितीतरी जणांना हे देतो. औषध वाईट नाही. पण प्रत्येकाला द्यायचं नाही."

मग त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितले. ज्या म्हाताऱ्या माणसाला लघवी अडखळत होते, त्याला हे दिले तर ती पुरती तुंबते. काचबिंदू असलेल्याला दिले तर डोळा जाऊ शकतो. आणि जो आधीच रोज धोत्र्याचा धूर ओढतो त्याला हे देणे म्हणजे एकच औषध दोन बाजूंनी देणे. धूर एकटा असता तर सोसला असता, औषध एकटे असते तरी कदाचित निभावले असते. दोन्ही मिळून, वरून जास्तीचे डोस, आणि वय झालेले शरीर. त्याचेच विष झाले. "मी त्यांना धूर घेऊ नका म्हणालो होतो," ते म्हणाले, "पण अजून घेता का हे पुन्हा विचारलं नाही. लघवीचंही विचारलं नाही. पोट दुखतं म्हणाले, मी बाटली भरून दिली."

मी त्यांना स्पष्ट सांगितले, की हा गुन्हा नाही. तुम्ही आरोपी नाही. म्हातारे शुद्धीवर आले की त्यांचाच जबाब पुरेसा होईल, तुमच्याकडून मला काही लिहून हवेच असे नाही. तुमचा जबाब कागदावर आला की तो उद्या कचेरीत वाचला जाईल, गावभर होईल, आणि लोक काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"म्हातारे शुद्धीवर आले नाहीत तर?" ते म्हणाले. "तुमच्या पृथक्करणाचा कागद काय सांगेल? पोटातल्या पाण्यात धोत्र्याचं विष सापडेल, कारण माझ्या औषधातला अंश आणि धोत्र्याचा अंश एकच. पानं तोडताना तिला पाहिलेलं आहे. ती बाई न्यायाधीशांना काय सांगणार? लिहून घ्या."

त्यांना बायको होती, शाळेत जाणारी मुलगी होती, आणि त्या दवाखान्याशिवाय दुसरे काही नव्हते. मी कागद काढला. ते शांतपणे सांगत गेले, मी लिहीत गेलो. एके ठिकाणी मी "नजरचुकीने" असा शब्द घातला. त्यांनी तो खोडायला लावला आणि "न विचारता" असे लिहायला सांगितले. सही करून त्यांनी स्वतःच बाटलीला सील लावायला मदत केली आणि लगेच बॅग उचलून तांडेलांच्या घरी निघाले, कारण आता नेमके काय करायचे ते त्यांना कळले होते. लघवी पुन्हा तुंबू द्यायची नव्हती, ताप उतरवायचा होता, आणि वाट पाहायची होती.

तांडेल हळूहळू सावरले. हात थांबले, मग नजर स्थिर झाली, मग त्यांनी प्यायला पाणी मागितले. पाणी पाजणाऱ्या सुनेला त्यांनी ओळखले. मी त्यांचा जबाब घेतला तेव्हा आवाज खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ होते. "पाना मीच हाडूक सांगलंय," ते म्हणाले. "तिचो काय दोष नाय."

लेक तिथेच भिंतीला टेकून उभी होती. तिने भावजयीची क्षमा मागितली नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही. तिने कोपऱ्यातली कळशी उचलली, ती सुनेने भरून आणायची होती, आणि विहिरीवर गेली. परत आली तेव्हा सुनेने दाराशी जाऊन ती कळशी तिच्या डोक्यावरून उतरवून घेतली. पुढे पंधरवडाभर लेक तिथेच राहिली आणि दोघींनी पाळ्या लावून म्हाताऱ्यांची सेवा केली, असे पाटलांनी सांगितले.

मी माझा अहवाल पाठवला, त्यात डॉक्टरांचा जबाब जोडला. पुष्कळ दिवसांनी मुंबईहून पृथक्करणाचा कागद आला. पेजेत काही नाही, आमटीत काही नाही; पोटातल्या पाण्यात धोत्र्याच्या जातीचे विष आढळले. डॉक्टर म्हणाले होते तसेच. तोच कागद एका निरपराध बाईला तुरुंगात पाठवायला पुरेसा होता.

इकडे व्हायचे ते झालेच. डॉक्टरांच्या औषधाने म्हातारा मरता मरता वाचला, एवढीच बातमी वाड्यांतून फिरली. दवाखान्यातला बाक रिकामा राहू लागला. लोक तापाच्या रोग्यालाही बैलगाडीत घालून मालवणला नेऊ लागले. मी एकदा सहज डोकावलो, तर डॉक्टर एकटेच बसून बाटल्या पुसत होते.

अशातच तांडेलांचा मुलगा मुंबईच्या आगबोटीने आला. गोदीत ओझी उचलून कमावलेला, दणकट माणूस. बंदरावर उतरल्या उतरल्या त्याने दवाखाना कुठे म्हणून विचारले आणि तडक तिकडे निघाला, असे बंदरावरच्या शिपायाने येऊन सांगितले. मी टोपी घातली आणि हवालदाराला घेऊन त्याच्या मागे गेलो. बाजारातले चार-दोन लोकही काय होते ते बघायला दवाखान्यासमोर जमले होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा तो दारात उभा होता आणि डॉक्टर त्याला सगळे सांगत होते. काहीही न गाळता. कुठले औषध, ते कुणाला द्यायचे नसते, आणि आपल्याकडून काय विचारायचे राहिले. सगळे ऐकून झाल्यावर त्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

"डाक्टरांनू," तो म्हणाला, "तुमी गप ऱ्हवला आसतात, तर माजी बायको आज तुरुंगात आसती. माका सगळा साहेबांच्या पत्रान कळला. मी तुमका भेटाकच इलंय." आणि तो वाकून त्यांच्या पाया पडला.

पत्र मीच पाठवले होते, पण ते त्याला वेळेत मिळेल आणि तो ते असे वाचेल याची मला कल्पना नव्हती. डॉक्टरांनी त्याला उठवले. बाहेर उभे असलेले लोक हळूहळू पांगले. पुढच्या बाजाराच्या दिवशी तांडेल स्वतः सुनेच्या खांद्याला धरून आले आणि त्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले. त्यांना दम्यासाठी दुसरे औषध हवे होते. त्यांच्यामागून इतर लोकही येऊ लागले.

नंतर देवळाच्या सभामंडपात गाव जमले असताना डॉक्टरांनी पाटलांची परवानगी घेऊन लोकांना स्वतः सांगितले, की माझ्याकडे याल तेव्हा घरचे, वैद्याचे, मुंबईहून कुणी आणून दिलेले, जे काय घेत असाल ते मला सांगा. लपवू नका, मी रागावणार नाही. जे औषध शेजाऱ्याला मानवले ते तुम्हाला चालेलच असे नाही. लघवीला अडत असेल, डोळ्यांना दिसणे कमी झाले असेल, बाई गरोदर असेल, तर आधी ते सांगा, मग औषध मागा. आणि मी विचारायला विसरलो तर मला आठवण करून द्या. हे शेवटचे वाक्य ऐकून मागे बसलेल्या बायका आपसात काहीतरी बोलल्या आणि हसल्या. पुढे त्या खरोखरच त्यांना आठवण करून देऊ लागल्या.

माझ्या कामातही तेव्हापासून एक प्रश्न वाढला. संशयास्पद मृत्यू असो की विषाची तक्रार, पंचनाम्यात मी घरातले प्रत्येक औषध घेऊ लागलो आणि जबाबात विचारू लागलो, की याला काय चालू होते, कधीपासून, आणि त्याबरोबर आणखी काय. पुढे दोडामार्गच्या बाजूला असताना या एका प्रश्नामुळे एका नवऱ्यावरचा संशय दूर झाला. ती हकीकत वेगळी, पण तिचे श्रेय याच प्रकरणाला.

शपथेपायी तोंड न उघडणारी ती बाई मला अनेकदा आठवते. तिच्याकडून मी हे शिकलो, की खोटे बोलणारा प्रत्येक माणूस गुन्हा लपवत नसतो. कधी कधी तो दुसऱ्याचा जीव सांभाळत असतो. आणि डॉक्टरांचे तर माझ्यावर उपकारच आहेत. त्यांनी तो जबाब दिला नसता, तर मी कायद्याप्रमाणे, कागदपत्रांसह, अगदी चोख काम करून एका निर्दोष बाईचे आयुष्य मोडले असते आणि ते मला कधी कळलेही नसते.

सेवेत मी पुष्कळ कबुलीजबाब लिहून घेतले. काही रात्रभर बसून मिळाले, काही पुरावा समोर ठेवल्यावर मिळाले, काही न्यायालयात फिरले. कुणी मागितला नसताना, मी नको म्हणत असताना, दुसऱ्याला वाचवण्यासाठी समोरून दिलेला असा हा एकच.